हजरत हसन (र.) : सत्ता सोडून साधलेली शांती

हाताशी सेना आहे, लोकांनी बैअत केलेली आहे आणि आपली बाजू न्यायाची असल्याची खात्रीही आहे. अशा वेळी तलवार म्यान करणे किती कठीण असते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? हजरत हसन बिन अली (र.) यांच्यासमोर हाच प्रसंग उभा राहिला होता.

अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचे हे नातू हिजरी सन 3 मध्ये मदीना येथे जन्मले. हजरत अली (र.) व हजरत फातिमा (र.) यांचे ते थोरले पुत्र. सहीह बुखारीतील हदीसनुसार, प्रेषितांनी (स.) एकदा त्यांना मिंबरवर जवळ घेतले आणि आपला हा पुत्र सरदार असून अल्लाह याच्या हातून मुसलमानांच्या दोन मोठ्या गटांत समेट घडवून आणील, अशी आशा व्यक्त केली. ते तीन वर्षांचे असताना हुदैबियाचा तह झाला. उमरा न करताच परतण्याची अट त्या तहात होती आणि ती अनेकांना अपमानास्पद वाटली होती. तरीही प्रेषितांनी (स.) ती मान्य केली, हजरत अली (र.) यांनी तो तह लिहिला आणि पवित्र कुरआनने त्याला उघड विजय म्हटले. समेटाचा हा वारसा हजरत हसन (र.) यांना घरातूनच लाभला होता.

ते रणांगणाला भिणारे होते, असे मात्र आपण समजू नये. जमल आणि सिफ्फीन या दोन्ही युद्धांत ते पित्यासोबत होते. एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज अदा करणारे हजारो लोक एकमेकांच्या हातून मारले गेलेले त्यांनी पाहिले होते.

हिजरी 40 च्या रमजानमध्ये कूफा येथे हजरत अली (र.) एका खारिजीच्या हल्ल्यात शहीद झाले. लोकांनी हजरत हसन (र.) यांच्या हाती बैअत केली. तिकडे शाम प्रांतातून हजरत मुआविया (र.) सेना घेऊन निघाले. इराकच्या भूमीवर पुन्हा एका सिफ्फीनची तयारी झाली. मदाइनजवळ हजरत हसन (र.) यांच्याच छावणीत बंडाळी माजली, त्यांचा तंबू लुटला गेला व ते जखमी झाले. प्रतिपक्षालाही चिंता होतीच. हे लोक एकमेकांना मारून संपले, तर त्यांच्या स्त्रिया व मुलांचा सांभाळ कोण करणार, हा प्रश्न हजरत मुआविया (र.) यांना पडला होता. त्यांनी कुरैशमधील दोन व्यक्तींना बोलणीसाठी पाठविले.

हिजरी 41 (इ. स. 661) मध्ये तह झाला. सुमारे सहा महिन्यांच्या खिलाफतीनंतर हजरत हसन (र.) यांनी सत्ता सोडली व आपल्या पक्षाच्या लोकांसाठी अभय मागून घेतले. मुस्लिम इतिहासात हे वर्ष एकजुटीचे वर्ष म्हणून ओळखले जाते.

त्यांच्याच काही अनुयायांनी त्यांना दूषणे दिली, मुसलमानांची मान खाली घालविल्याचा आरोप केला. हे सारे त्यांनी सोसले. राज्यासाठी लोकांचे रक्त सांडणे त्यांना मान्य नव्हते. ते मदीनेस परतले आणि सुमारे नऊ वर्षांनी तेथेच वारले. जन्नतुल बकी येथे त्यांचा दफनविधी झाला.

पुढे करबला येथे त्यांचे धाकटे बंधू हजरत हुसैन (र.) शहीद झाले, म्हणून काही जण या दोन भावांचे मार्ग परस्परविरोधी मानतात. परंतु हजरत मुआविया (र.) हयात असेपर्यंत हजरत हुसैन (र.) यांनीही हा तह मोडला नाही, हे आपण ध्यानात घ्यावे. दिलेला शब्द दोघा भावांनी पाळला.

कुरआनने जुलुमाविरुद्ध शस्त्र उचलण्याची परवानगी दिली आहे. त्याचबरोबर शत्रू शांतीकडे झुकला तर आपणही झुकावे, अशी सूरह अल्-अन्फालमध्ये आज्ञा आहे. आणि दोन गट लढू लागल्यास त्यांच्यात न्यायाने समेट घडवावा, असे सूरह अल्-हुजुरात सांगते. म्हणून युद्धाचा विचार करणाऱ्याने प्रथम स्वतःस विचारावे : मी जुलूम थांबविण्यासाठी लढतो आहे, की केवळ माझा हक्क व माझे नाव राखण्यासाठी? हक्क माझाच असला, तरी त्यासाठी सांडणाऱ्या रक्ताचा हिशेब अल्लाहसमोर मलाच द्यावा लागेल. हजरत हसन (र.) यांनी हा हिशेब हाती सत्ता असतानाच केला. तसा विवेक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.