विश्लेषण : चार शस्त्रक्रिया होऊनही केनेडींची कंबरदुखी का थांबली नाही?

अमेरिकेचे ३५ वे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो तरुण, हसरा, तंदुरुस्त नेता. प्रत्यक्षात कोटाच्या आत ते कंबरपट्टा बांधत आणि कॅमेऱ्यांपासून दूर अनेकदा कुबड्या घेत. १९४४ ते १९५७ या काळात त्यांच्या कमरेवर चार शस्त्रक्रिया झाल्या. आराम मात्र नंतर पडला, तोही शस्त्रक्रियेविना.

दुखणे कधी सुरू झाले?

१९१७ मध्ये जन्मलेल्या केनेडींची कंबर हार्वर्डमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळताना दुखावली. पुढे ते नौदलात गेले. २ ऑगस्ट १९४३ रोजी सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेच्या धडकेने त्यांच्या ‘पीटी-१०९’ बोटीचे दोन तुकडे झाले. भाजलेल्या सहकाऱ्याच्या जॅकेटचा पट्टा दातांत धरून ते काही तास पोहत बेटावर पोहोचले. त्यानंतर दुखणे बळावले.

पहिली शस्त्रक्रिया का फसली?

जून १९४४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, बॉस्टनमध्ये त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. मणक्यांमधील गादी सरकल्याचा संशय होता. प्रत्यक्षात ती फारशी सरकलेली आढळली नाही. केनेडी चालू-फिरू लागताच वेदना परतल्या. गादीमुळे नस दाबली जात असेल, तर तो भाग काढल्यावर पायात उतरणारी कळ सहसा थांबते. दुखण्याचे मूळ स्नायूंत किंवा सांध्यांत असेल, तर गादी काढून उपयोग होत नाही.

दुसरी जिवावर का बेतली?

१९४७ मध्ये केनेडींना ॲडिसन्स आजार असल्याचे निदान झाले. यात मूत्रपिंडांवरील ग्रंथी शरीराला आवश्यक संप्रेरके पुरेशी तयार करत नाहीत. शस्त्रक्रियेचा ताण आणि जंतुसंसर्ग अशा रुग्णाला झेपणे कठीण. तरीही आयुष्यभर कुबड्यांवर राहण्यापेक्षा त्यांनी धोका पत्करला. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धातूची पट्टी बसवून मणके जोडण्यात आले. संसर्ग झाला, ते कोमात गेले आणि कॅथलिक धर्मगुरूंकडून अंतिम विधीही उरकण्यात आला. ते वाचले; पण जखम चिघळल्याने फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करून पट्टी काढावी लागली. १९५७ मध्ये त्याच जागी झालेला गळू कापून पू काढावा लागला. म्हणजे शेवटच्या दोन शस्त्रक्रिया आधीच्या शस्त्रक्रियेचे परिणाम निस्तरण्यासाठीच होत्या.

मग आराम कशाने पडला?

डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल १९५५ पासून त्यांच्या दुखऱ्या स्नायूंत बधिरतेची इंजेक्शने देत. तो आराम तात्पुरता असे. मे १९६१ मध्ये कॅनडात झाड लावताना कंबर पुन्हा लचकली. त्याच वर्षाच्या अखेरीस डॉ. हान्स क्राउस यांनी स्नायू बळकट व लवचिक करणारा नियमित व्यायाम सुरू केला. काही महिन्यांत केनेडींची हालचाल सुधारली. कंबरपट्टा मात्र सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये हत्या झाली तेव्हाही तो बांधलेला होता.

आजच्या रुग्णांनी काय लक्षात घ्यावे?

शस्त्रक्रियेनंतरही दुखणे राहणे किंवा परतणे आजही घडते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी यशाची शक्यता सहसा घटते. जुन्या जखमेचे व्रण नसांना चिकटतात. म्हणून पुन्हा ऑपरेशन ठरवण्यापूर्वी दुखण्याचे नेमके कारण नव्याने तपासावे, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि फिजिओथेरपीला पुरेसा वेळ द्यावा. मात्र पायातील ताकद झपाट्याने कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा जांघेत बधिरता येणे, यांपैकी काहीही झाल्यास न थांबता रुग्णालय गाठावे.