काळ्या मोत्याची किंमत

पेलेला सगळे जग ‘काळा मोती’ म्हणत असे. पण फुटबॉलच्या मैदानावर हे नाव त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्या एका खेळाडूला मिळाले होते. त्याचे नाव लारबी बेन बारेक. गाव कासाब्लांका, देश मोरोक्को. आपल्याकडे फुटबॉलचे वेड असणाऱ्यांपैकीसुद्धा फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. विश्वचषक स्पर्धेत हा माणूस एकदाही खेळला नाही. त्याचा काळ दूरचित्रवाणीच्या आधीचा, त्यामुळे त्याचा खेळ चित्रफितींत फारसा उरलेला नाही. कासाब्लांका म्हटले की आपल्याला हंफ्री बोगार्टचा सिनेमा आठवतो. तो सिनेमा १९४२ साली हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेल्या खोट्या कासाब्लांकात चित्रित झाला. त्याच दिवसांत खऱ्या कासाब्लांकात जगातला एक फार मोठा फुटबॉलपटू आपली उमेदीची वर्षे स्थानिक सामने खेळण्यात घालवीत होता.

लारबीचा जन्म १६ जूनचा. वर्ष कुठे १९१४ लागते, कुठे १९१७. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट १ जून ही तारीख टाकीत. त्या तारखेवर नोकऱ्या करून सेवानिवृत्त झालेली कितीतरी माणसे आपण पाहिली आहेत. ज्याच्या जन्माची नोंद ठेवायची कुणाला गरज वाटली नाही, अशा घरातला तो मुलगा होता. लहानपणीच पोरका झाला. कासाब्लांकाच्या गल्ल्यांतून अनवाणी पायांनी चेंडू खेळत तो मोठा झाला.

मोरोक्को तेव्हा स्वतंत्र नव्हता. १९१२ साली फ्रान्सने त्यावर ‘संरक्षण’ लादले होते. सुलतान नावाला गादीवर, कारभार सगळा फ्रेंचांच्या हाती. उत्तरेचा एक पट्टा स्पेनकडे. आपल्या संस्थानी मुलखात राजे आणि इंग्रज रेसिडेंट यांचे जे नाते होते, साधारण तसाच हा मामला. कासाब्लांका हे फ्रेंचांनी वाढवलेले बंदर. तिथले मोठे फुटबॉल क्लब फ्रेंच वसाहतकऱ्यांचे. लारबी आधी एका लहान स्थानिक क्लबाकडून खेळला, आणि त्याचा खेळ पाहून युनियन स्पोर्टिव्ह मारोकेन या बड्या क्लबाने त्याला उचलले. याच क्लबात मार्सेल सेर्दां नावाचा एक जवान फुटबॉल खेळत असे. तो पुढे मुष्टियुद्धाकडे वळला आणि १९४८ साली मिडलवेट गटाचा जगज्जेता झाला. सेर्दां आणि बेन बारेक यांची दोस्ती होती.

१९३८ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या ऑलिंपिक मार्सेल या क्लबाने लारबीला करारावर घेतले. मार्सेल्सचे बंदर म्हटले की मराठी माणसाला १९१० सालची सावरकरांची उडी आठवते. त्याच बंदराने या पोराचे हात पसरून स्वागत केले. उंच, सडसडीत, काळाभोर, पायात विलक्षण नजाकत. चेंडू त्याच्या पायाला चिकटून असे, आणि सोडला की नेमका सोबत्याच्या वाटेत जाई. दोन्ही पायांनी खेळे आणि डोक्यानेही. आघाडीच्या फळीत डावीकडे आत, ज्याला तेव्हा ‘इनसाइड लेफ्ट’ म्हणत, ही त्याची जागा. पहिल्याच हंगामात मार्सेल लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आले. आणि वर्ष संपायच्या आत, ४ डिसेंबर १९३८ रोजी, लारबी बेन बारेक फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून मैदानात उतरला.

सामना नेपल्सला होता, इटलीशी. इटलीने त्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला. मुसोलिनीचे राज्य, वंशभेदाचे कायदे नुकतेच झालेले. प्रेक्षकांनी या काळ्या खेळाडूची हुर्यो उडवली. त्यावर फ्रान्सचे राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा तो सगळ्यांत मोठ्या आवाजात गायला, असे सांगतात. फ्रान्स एका गोलने हरले, पण लारबीची जागा पक्की झाली.

आता यातली गंमत पाहा. फ्रान्सच्या लेखी तो फ्रेंच नागरिक नव्हता, संरक्षित मुलखातला प्रजाजन होता. आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. १८९६ साली रणजितसिंहजी इंग्लंडकडून कसोटी खेळले. थोरल्या पतौडींनी १९३२ साली सिडनीला इंग्लंडच्या टोपीत शतक काढले आणि १९४६ साली ते भारताचे कर्णधार झाले. राज्यकर्त्यांच्या संघातून खेळण्याचा हा मान खरा, आणि त्यातला काटाही खरा. मात्र रणजी आणि पतौडी हे राजघराण्यांतले. खेळ संपल्यावर परत जायला त्यांच्यामागे संस्थान होते, वाडा होता. लारबीच्या मागे कासाब्लांकातली एक गल्ली होती.

मार्सेल्समध्ये जेमतेम एक हंगाम होतो तोच १९३९ साली महायुद्ध सुरू झाले. लारबी मायदेशी परतला आणि १९४५ पर्यंत जुन्या क्लबाकडून खेळत राहिला. जन्माचे कोणतेही वर्ष धरा, ऐन पंचविशीची वर्षे त्यातच गेली. डॉन ब्रॅडमनचीही वर्षे युद्धाने खाल्ली, पण ब्रॅडमनचे आकडे त्याआधीच जगापुढे आलेले होते. लारबीचे यायचे होते.

१९४५ साली तो पॅरिसच्या स्ताद फ्रान्से या क्लबात आला. तिथे प्रशिक्षक होता एलेनिओ एरेरा. पुढे इटलीत इंटर मिलानला युरोपचे विजेतेपद मिळवून देणारा हा गाजलेला प्रशिक्षक जन्माने अर्जेंटिनाचा, पण त्याचे बालपण कासाब्लांकात गेलेले. एकाच शहराच्या मातीत वाढलेली ही दोन माणसे पॅरिसमध्ये भेटली. पुढची तीन वर्षे पॅरिसकरांनी लारबीचा खेळ डोळे भरून पाहिला. १९४८ साली माद्रिदच्या ॲटलेटिको क्लबाने त्याला मागणी घातली. किंमत ठरली एक कोटी सत्तर लाख फ्रँकच्या आसपास. त्या काळी हा आकडा ऐकून लोकांनी तोंडात बोटे घातली. पॅरिसच्या वर्तमानपत्री जगात तर एवढी ओरड झाली, की शहरातली स्मारके विकून टाका पण याला विकू नका, इथपर्यंत मजल गेली.

मी आयुष्यभर बँकेत खतावण्या पाहिल्या, त्यामुळे अशा आकड्यापाशी माझी नजर जरा अडखळते. ही रक्कम एका क्लबाच्या खात्यातून दुसऱ्या क्लबाच्या खात्यात गेली. ज्याच्या नावाने व्यवहार झाला, तो या व्यवहारात माल होता. फुटबॉलच्या व्यवसायाची रीतच ती. खेळाडूला पगार मिळे, विजयानंतर बक्षिसी मिळे, टाळ्या तर भरपूर. पण पाय थकल्यावर काय, याची तरतूद त्या काळच्या करारांत सहसा नसे.

माद्रिदची पाच वर्षे हा त्याच्या कारकिर्दीचा कळस. १९४९ मध्ये एरेराही ॲटलेटिकोत आला. आघाडीच्या फळीत हुंकोसा, बेन बारेक, पेरेस-पाया, स्वीडनचा कार्लसन आणि एस्कुदेरो. या पाच जणांना माद्रिदकरांनी ‘काचेची फळी’ असे नाव ठेवले, कारण खेळ काचेसारखा लखलखीत आणि दुखापतींनी तडा जायलाही वेळ लागत नसे. ॲटलेटिकोने १९५० आणि १९५१ अशी लागोपाठ दोन वर्षे स्पॅनिश लीग जिंकली. लारबीने या क्लबासाठी पन्नासहून अधिक गोल केले. ज्या स्पेनच्या ताब्यात त्याच्या देशाचा उत्तरेचा तुकडा होता, ज्या स्पेनमध्ये यादवी युद्धात फ्रँकोने आणलेल्या मोरोक्कन शिपायांमुळे ‘मोरो’ हा शब्द लोक भीतीने उच्चारीत, त्याच स्पेनमध्ये लोक रविवारी या मोरोक्कन माणसासाठी जिवाचा आटापिटा करून मैदान गाठत.

पण परदेशी क्लबात गेलेल्या या खेळाडूला फ्रान्सच्या निवड समितीने त्या वर्षांत राष्ट्रीय संघात बोलावले नाही. युद्धात सहा वर्षे गेली होती, स्पेनमध्ये आणखी पाच-सहा.

१९५३ साली तो मार्सेलला परतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फ्रेंचांनी मोरोक्कोचा सुलतान पाचवा मोहम्मद याला पदच्युत करून देशाबाहेर पाठवले आणि मोरोक्को पेटले. मैदानावर लारबी फ्रेंच प्रेक्षकांच्या टाळ्या घेत होता आणि त्याच्या शहरात बाँब फुटत होते. त्याला काय वाटत असेल, याची कादंबरीकार म्हणून मी कल्पना करू शकतो, पण ती करणार नाही. त्याने कुठली सभा गाजवली नाही, पत्रक काढले नाही. तो खेळत राहिला. मे १९५४ मध्ये फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात मार्सेल नीसकडून १-२ ने हरले.

मग सप्टेंबरमध्ये अल्जेरियातल्या ओर्लेआंव्हिल शहरात मोठा भूकंप झाला. हजारावर माणसे गेली. त्यांच्या मदतीसाठी ७ ऑक्टोबर १९५४ रोजी पॅरिसमध्ये एक सामना ठेवण्यात आला, फ्रान्स विरुद्ध उत्तर आफ्रिकेचे खेळाडू. या दुसऱ्या संघात चाळिशीला टेकलेला बेन बारेक होता. उत्तर आफ्रिकेने फ्रान्सला ३-२ ने हरवले. लारबी असा काही खेळला, की नऊच दिवसांनी निवड समितीने त्याला पुन्हा फ्रान्सच्या संघात घेतले. १६ ऑक्टोबरला हॅनोव्हरमध्ये पश्चिम जर्मनीशी सामना होता. पहिला सामना जगज्जेत्या इटलीशी त्यांच्या घरी, आणि हा शेवटचा जगज्जेत्या जर्मनीशी त्यांच्या घरी. पूर्वार्धातच दुखापत होऊन त्याला बाहेर जावे लागले. फ्रान्स ३-१ ने जिंकले. पंधरा वर्षे आणि दहा महिने! फ्रान्सच्या संघातली एवढी लांब कारकीर्द दुसऱ्या कुणाची नाही. आणि एवढ्या काळात सामने किती, तर सतरा. गोल तीन.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, अल्जेरियाचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. लारबी १९५५ साली अल्जेरियातल्या सिदी बेल अब्बेस या गावच्या क्लबाकडून खेळला. सेर्दांचा जन्म याच गावचा. पण सेर्दां तोवर राहिला नव्हता. १९४९ साली त्याचे विमान अझोर्स बेटांवर कोसळले होते.

२ मार्च १९५६ रोजी मोरोक्को स्वतंत्र झाला. नव्या देशाला नवा फुटबॉल संघ हवा होता. १९५७ साली हा संघ उभा राहिला, तेव्हा प्रशिक्षक म्हणून बेन बारेक होता. फ्रान्सच्या निळ्या बनियनमध्ये मोठा झालेला माणूस आपल्या देशाच्या पोरांना लाल बनियन चढवीत होता. पण हे फार दिवस चालले नाही. नवे राष्ट्र नव्या माणसांच्या शोधात होते. राज्यकर्त्यांकडून खेळलेल्या माणसाकडे अशा वेळी लोक आदराने पाहतात आणि जरा अंतर ठेवूनही. हळूहळू लारबी लोकांच्या बोलण्यातून गेला, मग वर्तमानपत्रांतूनही गेला. फ्रान्सच्या लेखी तो मोरोक्कोचा झाला होता. मोरोक्कोच्या लेखी त्याचा सगळा पराक्रम फ्रान्सचा आणि स्पेनचा होता.

बँकेत दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांची रांग लागे. हयातीचा दाखला द्यायला म्हातारी माणसे यायची. कुणी काठी टेकत, कुणी नातवाचा हात धरून. आपण जिवंत आहोत हे लिहून द्यायला लागते म्हणून काही जण कुरकुर करीत. तेव्हा मलाही ती निव्वळ कारकुनी वाटे. आता वाटते, वर्षातून एकदा तरी कुणीतरी आपली सही पडताळून पाहते, नाव विचारते, हेही काही थोडके नाही.

१६ सप्टेंबर १९९२ रोजी कासाब्लांकातल्या आपल्या घरी लारबी बेन बारेक मृतावस्थेत सापडला. तो एकटाच राहत होता. मृत्यू होऊन काही दिवस उलटून गेले होते. ज्याच्या पायांसाठी दोन राजधान्यांनी भांडण मांडले, तो माणूस दोन-चार दिवस दिसला नाही, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

पुढे मानमरातब झाले. १९९८ साली जागतिक फुटबॉल महासंघाने त्याला मरणोत्तर सन्मान दिला. कासाब्लांकातल्या एका मैदानाला त्याचे नाव आहे. मेलेल्या माणसाच्या खात्यावर रक्कम जमा करण्यात आपणही काही मागे नाही, त्यामुळे यावर फार बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये कतारला विश्वचषक झाला. मोरोक्कोने स्पेनला पेनल्टींवर हरवले. पुढे पोर्तुगालला हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथवर पोचलेला आफ्रिकेतला तो पहिलाच देश. उपांत्य सामना फ्रान्सशी होता आणि तो मोरोक्कोने ०-२ असा गमावला. त्या २६ जणांच्या संघात १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. पोटासाठी फ्रान्स, स्पेन, हॉलंड, बेल्जियम अशा मुलखांत गेलेल्या माणसांची ही मुले. स्पेनविरुद्धची शेवटची पेनल्टी अश्रफ हकिमीने मारली. तो जन्मला माद्रिदमध्ये, ज्या शहरात त्याच्या आजोबांच्या पिढीने बेन बारेकला डोक्यावर घेतले होते. हकिमी स्पेनकडून खेळू शकला असता. त्याने मोरोक्को निवडले.

बेन बारेक बोटीतून मार्सेल्सला उतरला तेव्हा त्याच्यापुढे असे निवडायला काही नव्हतेच. मोरोक्कोचा संघ नव्हता, कारण मोरोक्को स्वतःचा नव्हता. असला असता, तर तो कोणत्या रंगाच्या बनियनमध्ये खेळला असता, हे त्याला कुणी विचारलेही नाही. त्याच्या पायांची किंमत लोकांनी फ्रँकमध्ये सांगितली. त्याच्या जन्माचे वर्ष मात्र आजही एका कागदावर १९१४ आहे आणि दुसऱ्यावर १९१७.