सिनेमातले तुकाराम आवडले, मग गाथा जड का जाते?

देहूरोड म्हटलं की लष्कराची छावणी, डेपो आणि लोकलचं स्टेशन आठवतं. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून तुकोबांच्या देहूला जायचं तर इथूनच वळावं लागतं. आणि घरबसल्या देहूला जायचं तर अनेकांसाठी रस्ता एकच: प्रभात फिल्म कंपनीचा 1936 सालचा 'संत तुकाराम'.

दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवातही या सिनेमाचं कौतुक झालं. शेवटी गरुडाच्या विमानातून वैकुंठाला निघालेले तुकोबा आजही डोळ्यांसमोर येतात.

पण हा सिनेमा आवडला म्हणून गाथा हातात घेतली, की बरेच जण चार पानांतच अडखळतात. असं का होतं?

सिनेमा गाथेवर नाही

सिनेमातल्या बहुतेक प्रसंगांचं मूळ महिपतींच्या संतचरित्रांत सापडतं. अठराव्या शतकातल्या महिपतींनी 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' लिहिलं, ते तुकोबांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी. त्यात गोष्ट आहे, संकट आहे, चमत्कार आहे.

गाथेत गोष्टच नाही. साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, पण ते आयुष्याच्या क्रमानं लावलेले नाहीत. आज आनंद, पुढच्याच अभंगात राग, त्यापुढे देवाशी भांडण. सिनेमा पाहून आलेला वाचक कथा शोधतो आणि ती सापडत नाही.

बीज आणि झाडाचा दृष्टान्त देणारं सिनेमातलं प्रसिद्ध गाणंही गाथेत मिळत नाही. ते शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलं. ते इतकं चपखल जमलं, की अनेकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो.

मग खरे तुकोबा कसे होते?

तुकोबांचा जन्म 1608 सालचा मानला जातो. आडनाव मोरे. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात पिढ्यान् पिढ्या विठ्ठलाची भक्ती, शिवाय शेती, सावकारी आणि बाजाराची महाजनकी. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होतं.

थोरला भाऊ सावजी विरक्त, त्यामुळे दुकान लहानपणीच तुकोबांच्या गळ्यात पडलं. पहिली पत्नी रखमाबाई दम्यानं आजारी असायची, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातल्या जिजाईंशी दुसरं लग्न झालं. सतरा-अठरा वर्षांचे असताना आई-वडील गेले.

मग 1629-30 चा भीषण दुष्काळ आला. धंदा बुडाला, जनावरं गेली, अब्रू गेली. रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. सिनेमा सुरू होतो तेव्हा तुकोबा शांत, प्रसन्न भक्त आहेत. त्या शांततेआधीचा हा सगळा काळ गाथा वाचल्यावर कळतो. लोकांना तोंड दाखवायची लाज वाटली, हे तुकोबा तिथे स्वतःच मान्य करतात.

परंपरा सांगते, की यानंतर त्यांनी धाकटा भाऊ कान्होबाला कर्जखतांचा अर्धा वाटा दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. भंडारा डोंगर आणि चाकणजवळचा भामचंद्र डोंगर या त्यांच्या एकांताच्या जागा. अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे चाकणचे तेली. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे.

वह्या बुडाल्या तेव्हा

शूद्रानं वेदांचा अर्थ सांगावा, हे अनेकांना मान्य नव्हतं. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असं चरित्रं सांगतात. तुकोबा तेरा दिवस नदीकाठी अन्नपाण्याविना बसले आणि वह्या कोरड्या परत आल्या. पुढे रामेश्वर भटच त्यांचे शिष्य झाले.

सिनेमात हा चमत्काराचा क्षण आहे. गाथेत मात्र चमत्काराचा जल्लोष कमी आणि खंत जास्त आहे. आपण हट्ट धरून देवाला पाण्यात वह्या सांभाळायला लावल्या, हा आपला अपराध झाला, असं तुकोबांना वाटतं. एकच प्रसंग, पण पडद्यावर डोळे दिपतात आणि पानावर माणूस भेटतो.

खलनायकाचंही तसंच. सिनेमात तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो आहे. देहूच्या मंबाजी गोसाव्यानं दिलेल्या त्रासाबद्दल तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी लिहून ठेवलंय. गाथेत मात्र तुकोबांचं सर्वांत मोठं भांडण स्वतःच्या मनाशीच चालतं.

गाथा कुठून वाचायला घ्यावी?

पहिल्या पानापासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. आधी आत्मचरित्रपर अभंग वाचावेत: दुकान, दुष्काळ, घरातले मृत्यू. मग वह्या बुडाल्यानंतरचे अभंग. त्यानंतर भोंदू साधूंवरचे. आयुष्याचा हा धागा हातात आला, की बाकीचे अभंग सुटे वाटत नाहीत. रोज दोन-तीन पुरेत. हे अभंग कीर्तनात ऐकायचे, गायचे होते, एका बैठकीत संपवायचे नव्हते.

1650 साली, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबा गेले. तो दिवस आज तुकाराम बीज म्हणून पाळला जातो. सिनेमात विमान वर जातं आणि जिजाई खाली राहते. तेव्हा ती गरोदर होती. नंतर जन्मलेल्या नारायण महाराजांनी 1685 साली पालखी सोहळा सुरू केला. दर आषाढी वारीला ही पालखी देहूहून निघून देहूरोडवरून आकुर्डीला जाते. त्या गर्दीतल्या अनेकांना तुकोबांचे अभंग पाठ असतात, कारण त्यांनी ते वाचण्याआधी ऐकलेले असतात.