पु.ल. : विलायती विनोदाचे मराठी रसिक

मुंबईत १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला, त्या वेळी पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे अकरा वर्षांचे होते. त्याच वर्षी चार्ली चॅप्लिन यांनी 'सिटी लाइट्स' हा चित्रपट मात्र हट्टाने मूकच ठेवला. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेल्या पु.लं.ची पिढी मूकपट आणि बोलपट यांच्या उंबरठ्यावर वाढली. पुढे ते लेखक, नट, संगीतकार, वक्ते म्हणून घराघरांत पोहोचले. पण त्याआधी आणि त्यानंतरही ते जातिवंत प्रेक्षक होते. बालगंधर्व आणि रवींद्रनाथ यांच्या पंक्तीला त्यांनी चॅप्लिन यांना बसविले होते.

चॅप्लिन यांचे चित्रपट अमेरिकेत तयार झाले, तरी त्यांतील विनोदाची नाळ लंडनच्या गरीब वस्तीशी जुळलेली होती. बालपणी त्यांनी तिथल्या निराधारगृहाचे जिणे अनुभवले आणि फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत ते अंगविक्षेपांतून बोलायला शिकले. तोकडा कोट, ढगळ विजार आणि हातात वेताची काठी घेतलेला त्यांचा भणंग पोटात अन्न नसताना शिष्टाचार सोडत नाही. हसता हसता पाणावणारे डोळे ही पु.लं.ना भावलेली गोष्ट. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'मधील त्यांचा भोळाभाबडा नाऱ्या पाहताना हे नाते जाणवते. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका असा सारा भार त्यांनी एकट्याने वाहिला. त्यानंतर त्यांनी चित्रपटसृष्टीकडे जवळजवळ पाठच फिरविली. मराठी पडद्याचे त्यात किती नुकसान झाले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

१९५५ मध्ये ते आकाशवाणीत दाखल झाले आणि दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत, लंडनला गेले. सोबत सुनीताबाई होत्या. ब्रिटिश विनोद तेव्हा रेडिओवरून छोट्या पडद्यावर स्थिरावत होता. टोनी हॅनकॉक यांची रेडिओवर गाजलेली मालिका १९५६ मध्येच दूरचित्रवाणीवर आली होती. आपल्याच फजितीवर हसणारा सामान्य माणूस हा त्या विनोदाचा कणा. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या निर्मात्यांत पु.ल. होते. विलायतेतील दिवस 'अपूर्वाई'त उतरले. १९६१ पासून ते 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी करू लागले. तिथे हसू फुटते ते चाळकऱ्यांच्या आपल्याच फजितीवर, आणि ती चाळ अस्सल मुंबईची.

विलायती नाटकांकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील बॅरेट कुटुंबाच्या नाटकावरून 'सुंदर मी होणार' घडले. पण घर झाले संस्थानिकाचे. रूपांतरांबद्दल टीकाकारांनी त्यांना बोल लावला. तो सर्वस्वी अनाठायी नसला, तरी 'ती फुलराणी'पुढे त्याची धार बोथट होते.

बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वर १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये चित्रपट निघाला आणि पुढे 'माय फेअर लेडी' जगभर गाजले. फुले विकणाऱ्या मुलीचे उच्चार सुधारून तिला उच्चभ्रू समाजात मिरविण्याची ही पैज. इंग्रजांच्या देशात माणसाने तोंड उघडताच त्याची पायरी ठरत असे, पु.लं.नी ओळखले की मराठी मुलखातही याहून वेगळे काही घडत नाही. १९७५ मध्ये भक्ती बर्वे यांची मंजुळा साळुंखे आणि सतीश दुभाषी यांचे प्राध्यापक अशोक जहागीरदार रंगमंचावर आले. त्या मुलीचा संताप आता उसना उरला नव्हता.

वाशीम, रिसोड, मंगरूळपीरकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वऱ्हाडीत पाणी 'पानी' होते, डोळा 'डोया' होतो. आणि हीच बोली घेऊन पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलाचे हसे होते, मग तो पुढे कितीही हुशार निघो. मंजुळेची बोली वऱ्हाडी नाही, पण तिच्या वाट्याला आलेली हेटाळणी वऱ्हाडाच्या ओळखीची आहे. प्राध्यापकाच्या शुद्ध भाषेवर प्रेक्षक हसतो आणि मंजुळेच्या बाजूने उभा राहतो, हे पु.लं.च्या लेखणीचे यश. केवळ विदेशी नाटकाचा तर्जुमा करून ते साधले नसते.

१२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९४६ साली सुनीताबाईंशी त्यांचा विवाह झाला, तोही याच तारखेला. मंजुळा मात्र रंगमंचावर येत राहिली: सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी ती आपापल्या परीने उभी केली, आणि २०२३ मध्ये 'फुलराणी' या नावाने ती मराठी पडद्यावर आली.