शब्दांची कुळे शोधणारे दालगादो

पाण्याचे पिंप, न्हाणीघरातील बालदी, दाराची बिजागरी आणि चावी हे शब्द आपल्या घरांत इतके मुरले आहेत की, त्यांचे पोर्तुगीज मूळ सहसा ध्यानी येत नाही. बटण ज्यात अडकते ते काजही मूळचे कासा, म्हणजे घरच! अशा शब्दांची कुळे शोधण्यात मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो यांनी आयुष्य वेचले.

गोव्यातील बारदेशात, आसगाव येथे १८५५ मध्ये त्यांचा जन्म झाला. धर्मगुरूची दीक्षा घेऊन त्यांनी रोममध्ये विद्याभ्यास केला. सिंहल व बंगाल येथे धर्मकार्य करताना तेथील भाषांशी त्यांचा परिचय झाला. १८९३ मध्ये त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे लिस्बन येथे ते संस्कृतचे अध्यापक झाले.

उत्तरायुष्यात आजारामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. देह खुर्चीस खिळला, पण व्यासंग खंडला नाही. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचा द्विखंडात्मक कोश १९१९ व १९२१ मध्ये आला. देवघेव दुहेरी असते, हे या दोन ग्रंथांनी मिळून दाखविले. साबणासारख्या शब्दाच्या बाबतीत मूळ अरबी की पोर्तुगीज, असा प्रश्न पडतो. तेथे केवळ ध्वनिसाम्य पुरत नाही, शब्दाचा प्रवासही तपासावा लागतो.

१९२२ मध्ये लिस्बन येथे ते निवर्तले. १९३६ मध्ये पहिल्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर बडोद्याहून प्रसिद्ध झाले. राज्ये लयास गेली. घरात आलेले शब्द मात्र घरचेच होऊन राहिले.