अंधाऱ्या खोलीतली चंद्रकोर

शाबान महिन्याची २९ तारीख आली की मगरिबच्या आधीच मोहल्ल्यातल्या गच्च्या भरू लागतात. सगळ्यांचे डोळे पश्चिमेकडे लागलेले असतात. कुणाला नवी कोर दिसते, शेजारी उभ्या असलेल्याला दिसत नाही. दिसली तर दुसऱ्या दिवसापासून रमजानचे रोजे सुरू होतात, नाही दिसली तर शाबानचे ३० दिवस पूर्ण करायचे. दिसणे म्हणजे नेमके काय आणि डोळा फसतो केव्हा, हा प्रश्न दरवर्षी त्या गच्चीवर उभा राहतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी एका विद्वानाने हाच प्रश्न हाती घेतला. त्यांचे नाव इब्नुल हैसम. युरोप त्यांना अल्हाझेन म्हणून ओळखतो.

त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास इराकमधल्या बसरा शहरात झाला. गणित आणि खगोलशास्त्रातल्या त्यांच्या बुद्धीची कीर्ती इजिप्तपर्यंत पोचली होती. नाईल नदीला कधी महापूर येई, कधी पाणी फारच उतरे, आणि दोन्ही वेळा शेतकरी भरडला जाई. नदीच्या पाण्याचे नियमन करता येईल असे इब्नुल हैसम यांचे म्हणणे होते. ते कानावर गेल्यावर फातिमी खलिफा अल-हाकिमने त्यांना कैरोला बोलावून घेतले, असे जुने चरित्रकार सांगतात.

कारागिरांना सोबत घेऊन ते नदीच्या वरच्या अंगाला अस्वानपर्यंत गेले. वाटेत त्यांना प्राचीन इजिप्शियनांनी उभारलेल्या भव्य वास्तू दिसल्या. इतके कुशल लोक इथे होऊन गेले आणि त्यांनीही नदी अडवली नाही, तेव्हा हे काम आपल्या आवाक्यातले नाही, हे त्यांना उमगले. प्रत्यक्ष जागा पाहिल्यावर उरलीसुरली आशाही मावळली. ते परत आले आणि आपला अंदाज चुकल्याचे त्यांनी खलिफासमोर कबूल केले.

ही कबुली सोपी नव्हती. अल-हाकिम लहरी होता, त्याच्या मर्जीतून उतरलेल्यांचे प्राणही जात. त्याने इब्नुल हैसम यांना दरबारी काम दिले, पण त्यांच्या मनातली भीती गेली नाही. अखेर त्यांनी वेडाचे सोंग घेतले. त्यांना घरात बंदिस्त करण्यात आले. १०२१ साली अल-हाकिम एका रात्री बाहेर पडला तो परतलाच नाही. त्यानंतर इब्नुल हैसम यांनी सोंग टाकले आणि ते अल-अझहर मशिदीजवळ राहू लागले. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा अल्माजेस्ट यांसारख्या ग्रंथांच्या नकला ते स्वतः उतरवून विकत. त्यातून मिळणाऱ्या दीडशे दिनारांत त्यांचे वर्ष निघे.

त्यांचा मोठा ग्रंथ म्हणजे सात भागांचा किताब अल-मनाझिर, अर्थात दृष्टी आणि प्रकाशाचे शास्त्र. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असे अनेक ग्रीक विद्वान मानत होते. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, हे इब्नुल हैसम यांनी तपशिलाने मांडले. नुसता युक्तिवाद करून ते थांबले नाहीत. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी दिवे ठेवले की आत समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडतो. एक दिवा झाकला तर त्याचाच ठिपका जातो, बाकीचे तसेच राहतात. म्हणजे सगळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून येऊनही एकमेकांत मिसळत नाही, सरळ रेषेत पुढे जातो. कॅमेरा या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ खोली असाच आहे.

हीच अंधारी खोली घेऊन ते आकाशाकडे वळले. ग्रहणाच्या आकारावर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाखाली उन्हाच्या कवडशांच्या चंद्रकोरी झालेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. ग्रीकांनाही त्या ठाऊक होत्या. इब्नुल हैसम यांनी त्यामागचे गणित शोधले. छिद्र बारीक असेल तर ग्रासलेल्या सूर्याची कोर भिंतीवर स्पष्ट उमटते. छिद्र मोठे करत गेले की कोरीची टोके बोथट होतात आणि शेवटी उरतो नुसता गोल उजेड. छिद्राच्या प्रत्येक बिंदूतून एकेक कोर आत येते आणि त्या सगळ्या एकमेकींवर पडून आकार पुसून टाकतात.

पण चंद्राचे काय? ज्या छिद्रातून सूर्याची कोर उमटते, त्याच छिद्रातून चंद्राची कोर मात्र उमटत नाही, उजेड गोलच पडतो. ही अडचण त्यांनी लपवली नाही, उलट निबंधात तिलाच हात घातला. भिंत छिद्रापासून दोन मीटरवर असेल तर सूर्याचे किंवा चंद्राचे चित्र जेमतेम दोन सेंटिमीटरचे पडते. त्यात कोर रेखीव दिसायला छिद्र फारच बारीक हवे. पण पौर्णिमेचा चंद्रसुद्धा सूर्याच्या सुमारे चार लाख पटींनी मंद असतो, कोरीचा उजेड तर त्याहून कितीतरी कमी. छिद्र मोठे ठेवले तर आकार जातो, बारीक केले तर उजेड जातो.

ही कोंडी सुटायला फार काळ गेला. इब्नुल हैसम १०४० च्या सुमारास कैरोत वारले. त्यांचा ग्रंथ १२०० च्या आसपास लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ मध्ये बाझेलला छापला गेला. पुढे भिंग आले, दुर्बीण आली, उजेड साठवणारा चांदीचा मुलामा दिलेला पत्रा आला. १८४० साली, म्हणजे त्यांच्यानंतर साधारण आठशे वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी अशा पत्र्यावर सुमारे २० मिनिटे उजेड साठवून चंद्राचे छायाचित्र घेतले.

आज एखादी कॉलेजची मुलगी दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाईल लावून पहिल्यांदाच गुरूचा फोटो काढते, तेव्हा तिच्या पडद्यावरही बहुधा एक पांढरा गोळाच येतो. भोवतीच्या काळोखामुळे मोबाईल जास्तीचा उजेड घेतो आणि गुरूचे पट्टे त्यात बुडून जातात. उजेड कमी केला तर पट्टे दिसतात, पण जवळचे चार चंद्र गायब होतात. फोटो फसला म्हणून ती खट्टू होते. पण उजेड आणि आकार यांची ही ओढाताण त्या अंधाऱ्या खोलीतलीच आहे. पट्ट्यांसाठी एक फोटो, चंद्रांसाठी दुसरा, हे पांढऱ्या गोळ्यानेच तिला शिकवलेले असते.

टॉलेमीच्या खगोलशास्त्रावर शंका घेणारे पुस्तकही इब्नुल हैसम यांनी लिहिले. सत्य शोधणाऱ्याने थोरांचे लिखाण तपासून घ्यावे आणि तपासताना स्वतःच्या मतावरही संशय ठेवावा, अशी त्यांची त्यातली भूमिका आहे. नाईलच्या काठावर आपण चुकलो हे ओळखणाऱ्या माणसाला ती शोभते. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो तो प्रत्यक्षात मोठा झालेला नसतो, मन त्याच्या अंतराचा अंदाज चुकवते, हेही त्यांनीच समजावून सांगितले.

रोजा पोटाला संयम शिकवतो, तसा डोळ्याला आणि जिभेलाही शिकवतो. जे दिसले तेवढेच सांगावे, जे दिसले नाही ते दिसले म्हणू नये. महिना संपताना ईदच्या चंद्रासाठी गच्च्या पुन्हा भरतील. चंद्राच्या पूर्व कडेला असलेल्या एका विवराला अल्हाझेन असे नाव आहे. ते साध्या डोळ्यांना दिसणार नाही, पण कोरीकडे पाहताना त्या नावाची आठवण ठेवायला दुर्बीण लागत नाही.