पवित्र त्रैक्याचे मराठी पुराणकार : फादर थॉमस स्टीफन्स

प्रतिवर्षीं पवित्र त्रैक्याच्या रविवारीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत एखादें मूल हटकून विचारतें कीं, पिता देव, पुत्र देव आणि पवित्र आत्माहि देव, तर मग देव तीन कसे नव्हेत? सेमिनरींत ईश्वरविज्ञान शिकून आलेला धर्मगुरु त्या मुलापुढें क्षणभर निरुत्तर होतो. कारण जें त्यानें मोठमोठ्या ग्रंथांत वाचलें, तें कऱ्हाकांठच्या व नीराकांठच्या मराठींत सांगणें ही निराळीच विद्या आहे. ही विद्या ज्या परदेशी पुरुषानें जन्मभर उपासिली, त्याचें चरित्र आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीप्रसंगीं वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

मुलाचा प्रश्न नवा नव्हे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीं कार्थेज नगरीच्या तर्तुलियननें त्रैक्यासाठीं लॅटिन शब्द रूढ केला आणि मूळ व अंकुर, झरा व नदी, सूर्य व किरण असे दृष्टांत योजिले. एकच देव तीन सोंगें घेतो, असें साबेल्लियसच्या पंथाचें मत पडलें; तर पुत्र हा निर्माण केलेला आहे, असें आरियस म्हणूं लागला. तेव्हां ३२५ सालीं निसियाच्या धर्मसभेनें पुत्र पित्याशीं एकतत्त्व असल्याचा निर्णय दिला, आणि ३८१ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनें पवित्र आत्मा पित्यापुत्रांसह वंदनीय असल्याचें जाहीर केलें. पुढें संत ऑगस्टीन यांनीं १५ खंडांचा ग्रंथ रचून मनुष्याच्या स्मृति, बुद्धि व इच्छा यांत त्रैक्याचें प्रतिबिंब दाखविलें. परंतु शेवटीं सर्व दृष्टांत अपुरे पडतात, हेंहि त्यांनीं नम्रपणें मान्य केलें. म्हणजे ग्रीकांनीं ग्रीक शब्द शोधले, लॅटिन लोकांनीं लॅटिन शोधले. मराठी शब्द शोधण्याचें काम अद्याप उरलें होतें.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन या खेड्यांत झाला. त्यांच्या तरुणपणीं त्या देशांत कॅथलिक उपासनेस बंदी होती. स्वदेश सोडून ते रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास पोंचले. त्या वेळीं पैठणांत संत एकनाथ विद्यमान होते. मायभूमीचें दर्शन स्टीफन्स यांस पुन्हां घडलें नाहीं. पुढील ४० वर्षें बहुतांशीं साष्टी महालांतच गेलीं.

साष्टींत शांतता नव्हती. १५६७ सालीं पोर्तुगीज सत्तेनें तेथील देवळें पाडलीं होतीं. लोकांच्या मनांतील रोष धुमसत राहून १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळी येथें फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार संघबंधु मारले गेले. त्यांचीं प्रेतें परत मिळविण्याच्या कामीं फादर स्टीफन्स होते. हा इतिहास झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. बळानें देऊळ पाडतां येतें. मनुष्याच्या अंतःकरणांत देव बसवितां येत नाहीं. आपल्या बंधूंस मूठमाती दिल्यावरहि स्टीफन्स यांनीं त्याच लोकांत राहून त्यांची भाषा आपलीशी केली.

नवख्रिस्ती लोकांजवळ त्यांचीं जुनीं पुराणें राहूं दिलीं गेलीं नव्हतीं, आणि त्यांच्या जागीं गावें-ऐकावें असें कांहीं मिळालेंहि नव्हतें. ही उणीव एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या मुखें बोलून दाखविल्याचा प्रसंग ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच आहे. त्या मागणीस दिलेलें उत्तर म्हणजेच सुमारें ११ हजार ओव्यांचें तें महाकाव्य. पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा, दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. देशी लिपीचे खिळे मिळावेत अशी खटपट त्यांनीं १६०८ सालीं केली, पण ती सिद्धीस गेली नाहीं. १६१६ सालीं राचोल येथें हें मराठी काव्य रोमन अक्षरांत छापलें गेलें.

आतां त्रैक्याकडे वळूं. महाराष्ट्रांत या विषयास एक विशेष अडचण आहे. तिघांचें नांव निघतांच श्रोत्यास ब्रह्मा, विष्णु, महेश आठवतात व उत्पत्ति, स्थिति, लय अशी कामाची वांटणी मनांत येते. ख्रिस्ती श्रद्धेंत तशी वांटणी नाहीं. तिन्ही व्यक्तींचें तत्त्व एक, सामर्थ्य एक, कृतिहि एकच. फादर स्टीफन्स यांनीं येथें तर्काचा फड मांडला नाहीं. मराठी कवि ग्रंथारंभीं नमन करितो, तीच रीत धरून त्यांनीं सर्वसमर्थ पित्याला, त्याच्या एकुलत्या पुत्राला व पवित्र आत्म्याला वंदन केलें. पित्याला त्यांनीं देवबाप म्हटलें. हा शब्द झोंपडींतल्या पोरालाहि कळतो. पवित्र आत्म्यासाठीं मात्र त्यांनीं चर्चचा परकीय शब्दच ठेवला. सर्व ओझें एकाच पिढीनें उचलावयाचें नसतें. मुलांसाठीं त्यांनीं प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणहि कोंकणींत लिहिलें. १६१९ सालीं त्यांस देवाज्ञा झाल्यावर तें १६२२ सालीं छापलें गेलें, आणि कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं.

१६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. तरी ख्रिस्तपुराण बुडालें नाहीं. हस्तलिखितांतून व लोकांच्या कंठांतून तें टिकलें. १९०७ सालीं मंगळूरास पुन्हां छापलें गेलें, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून तें देवनागरींत प्रसिद्ध केलें. कवीची इच्छा सुमारें साडेतीनशें वर्षांनीं आपल्याच जिल्ह्यांत पुरी झाली.

प्रिय ख्रिस्तजनहो, आपली बारामती मोरोपंतांची कर्मभूमि. इंदापुराहून तुकोबांची पालखी दरवर्षीं पुढें जाते. या भूमीला ओवी, आर्या व अभंग परके नाहींत. मग आपल्याच घरांतील सायंप्रार्थना मुकी कां असावी? मुलांस इंग्रजी शाळेंत खुशाल घालावें. परंतु क्रूसाची खूण करितांना पिता, पुत्र व पवित्र आत्मा हीं नांवें त्यांनीं आईच्या तोंडून आईच्या भाषेंत ऐकावींत. त्या मुलाच्या प्रश्नाचें पुरतें उत्तर ऑगस्टीनजवळ नव्हतें, स्टीफन्सजवळ नव्हतें, माझ्याजवळहि नाहीं. परंतु ज्यास हात जोडून हांक मारतां येते, त्यास ओळखण्याचा आरंभ तरी झालेला असतो. त्या त्रैक्य परमेश्वराची कृपा आपल्या सर्व कुटुंबांवर राहो.